शेतकरी थेट भाजी गट: तुम्ही सारखे विचारता ते सगळे प्रश्न

गटात नवीन कोणी आलं की तेच प्रश्न येतात, आणि यायलाच पाहिजेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारी ४२ घरं आणि भोर-पुरंदरकडचे ३ शेतकरी, एवढाच आमचा पसारा. त्यामुळे इथलं सगळं आमच्या अनुभवाचं आहे, तुमच्याकडे थोडं वेगळं असेल.

हे नक्की काय आहे? भाजीचं दुकान आहे का?

नाही, दुकान नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्केट बंद-चालू व्हायचं तेव्हा बरेच शेतकरी टेम्पो घेऊन सोसायट्यांच्या गेटवर यायचे, तुम्हाला आठवत असेल. लॉकडाऊन उठला आणि लोक परत आपापल्या सवयीच्या जागी गेले. आमच्या गेटवर येणाऱ्या काकांनी एक दिवस विचारलं, "ताई, मी पुढच्या शनिवारी येऊ का नको? तुम्ही नक्की घेणार असाल तर मेथी टाकतो." त्या एका वाक्यातून हा गट झाला. प्रत्येक घर दर शनिवारी ३५० रुपयांची पिशवी घेतं, त्यात साधारण ५ किलो फळभाजी आणि ३ जुड्या पालेभाजी असते, आणि काय येणार ते शेतात काय तयार आहे त्यावर ठरतं. मध्ये कोणी कमिशन घेत नाही, आम्ही फक्त हिशोब आणि वाटप बघतो.

ॲपवर दहा मिनिटांत भाजी येते, दारात हातगाडी येते, मग हे कशाला?

घाईच्या वेळी मीपण ॲपवरून मागवते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ॲपला माहीत नसतं की कोणाच्या शेतातली गवार आहे, आणि त्या शेतकऱ्यालाही माहीत नसतं की पुढच्या आठवड्यात ती कोण घेणार. महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर झाली, म्हणजे सव्वातीन एकर. सव्वातीन एकरवाल्याला मोठ्या खरेदीदाराशी घासाघीस करता येत नाही, कारण त्याच्याकडे माल थोडा आणि तोही नाशवंत. त्याला हवा असतो भरवसा, की लावलं तर कोणीतरी घेईल. आपण ४२ घरं मिळून तो देऊ शकतो, आणि एका घराने एकटंच ठरवलं तर नाही देऊ शकत, म्हणून गट.

बाजारापेक्षा स्वस्त मिळेल ना?

कधी स्वस्त पडेल, कधी महाग. स्वस्तासाठी येत असाल तर दोन महिन्यांत तुम्ही सोडाल, असं मी नवीन लोकांना आधीच सांगते, वाईट वाटून घेऊ नका.

पण पैसे कुठे जातात ते एकदा बघा. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात २०२४ मध्ये आलं होतं की ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७. हे सरासरीचं झालं. भाव पडतो तेव्हा काय होतं ते मी स्वतः बघितलंय. काकांबरोबर एकदा पहाटे मार्केटला गेले होते, २५ कॅरेट टोमॅटो, प्रत्येकात २० किलो. गाळ्यावर टॉर्चच्या उजेडात माल बघितला, एकाने वरचा टोमॅटो दाबला, खालचा काढून बघितला आणि ४ रुपये किलो म्हणाला, झालं. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात आली ती अशी: माल २,००० चा, त्यातून गाडीभाडं १,०००, हमाली-तोलाई १९०, उरले ८१०. आणि आदल्या दिवशी तोडणीला ज्या ३ बायका होत्या त्यांची मजुरी ३०० प्रमाणे ९००. म्हणजे ५०० किलो टोमॅटो विकून घरचे ९० रुपये गेले, बी, खत, औषध, तार-काठी हे तर अजून धरलंच नाही. काका काहीच बोलले नाहीत, पट्टीची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि रिकामे कॅरेट मोजायला लागले. परत येताना टपरीवर चहाचे पैसेपण त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत. मला आजही भाजीचा भाव ऐकला की ती घडी घातलेली पट्टी आठवते.

मग तुमच्याकडे भाव कोण ठरवतं?

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही आणि शेतकरी एकत्र बसतो, बी-रोपापासून तोडणी-वाहतुकीपर्यंत खर्च काढतो, त्यात त्याची आणि घरच्या बायकांची मजुरी धरतो (ही शेतकरी स्वतः कधीच धरत नाही, सांगून धरायला लावावी लागते) आणि वर थोडा नफा. तो भाव चार महिने बदलत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो बाहेर शंभरीच्या वर गेला होता तेव्हा आम्हाला ठरलेल्या भावानेच मिळाला, आणि नंतर तोच टोमॅटो मातीमोल झाला तेव्हा आम्हीपण ठरलेलेच पैसे दिले. जुलैमध्ये सगळे खूश होते. भाव पडल्यावर मात्र ५ घरांनी विचारलं की बाहेर इतका स्वस्त असताना आपण एवढे का देतोय. त्यातली २ गेली, ३ समजून राहिली. भाव चढल्यावर शेतकऱ्याने शब्द पाळायचा आणि पडल्यावर आपण मोडायचा, असं चालत नाही ना.

महिन्याचे पैसे आधी का भरायचे?

कारण शेतकऱ्याचा खर्च आधी होतो. रोपवाटिकेचं बिल आधी, मजुरी त्या दिवशी संध्याकाळी, आणि आपण मात्र भाजी खाऊन महिन्याने देणार, मग तो उचल (आगाऊ पैसे) घेतो आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच माल घालावा लागतो, भाव काही असो. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने आधी एका कंपनीला माल दिला होता, पैसे तीन-तीन महिने लटकले आणि शेवटचं बिल बुडालंच, तेव्हापासून त्यांची एकच अट होती की पैसे वेळेवर द्या, भाव दोन रुपये कमी चालेल. महिनाभराचे १,४०० एकदम जमत नसतील तर सांगा, आठवड्याने भरा, कोणाला कळणारही नाही. कामवाल्या ताई आणि वॉचमनदादांची घरंपण गटात आहेत, ती आठवड्यानेच भरतात.

मला भाजी निवडता येणार नाही का? आमच्याकडे मुळा कोणी खात नाही.

पूर्ण निवड नाही. शेतात जे आलं ते. वाटपाच्या टेबलाशेजारी एक टोपली असते, नको ती भाजी त्यात ठेवायची आणि दुसऱ्याने ठेवलेली उचलायची. मुळा ठेवणारे जेवढे तेवढेच उचलणारे असतात असा आमचा अनुभव आहे, दुधीचं मात्र तसं नाही, दुधी टोपलीत पडून राहतो. म्हणून मग ग्रुपवर रेसिपी टाकायला सुरुवात केली, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, दुधीचे थालीपीठ, लाल भोपळ्याचे घारगे. चौथ्या मजल्यावरच्या आजी व्हॉइस मेसेज पाठवतात, "पाला टाकू नका गं, बारीक चिरा, मीठ लावून पिळून घ्या", आणि शनिवारी दुपारी अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच फोडणीचा वास येतो.

पावसाळ्यात अजून एक गंमत असते, भोरकडच्या वहिनी डोंगरातली रानभाजी आणतात, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कर्टुली. ती पिशवीत धरलेली नसते, थोडीच असते, आधी येईल त्याला. फोडशी निवडताना मधला दांडा काढायचा असतो, हे मलापण त्यांनीच दाखवलं, पार्किंगमध्ये बसून. पैसे मात्र त्याचेही द्यायचे. डोंगर चढून गोळा केलेली भाजी फुकटची नसते.

भाजी सेंद्रिय आहे का? सर्टिफिकेट आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सरळ उत्तर: तिघांपैकी एक जण पूर्ण रसायनमुक्त करतात, दोघं नाही. त्या दोघांनी खत कमी करत आणलंय, ते तणनाशक मारत नाहीत, आणि फवारणी केलीच तर काय, कधी केली ते ग्रुपवर लिहितात, आणि औषधाच्या डब्यावर तोडणीआधी जेवढे दिवस थांबायला सांगितलेलं असतं तेवढे थांबल्याशिवाय ती भाजी पिशवीत येत नाही. मला विचाराल तर गुपचूप फवारून 'ऑरगॅनिक' लेबल लावणाऱ्यापेक्षा हे मला हजार पट बरं वाटतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. एक त्रयस्थ संस्थेकडून तपासणीचा, तो निर्यातीला लागतो आणि छोट्या शेतकऱ्याला एकट्याने परवडत नाही. दुसरा पीजीएस-इंडिया, त्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि ते एकमेकांची शेतं तपासून हमी देतात. रसायन सोडलेल्या काकांचा त्यासाठी प्रयत्न चालू आहे, पण आजूबाजूचे अजून चार तयार व्हायला पाहिजेत. आणि ते कधी तयार होतील, तर रसायन सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न कमी येतं त्या काळात कोणीतरी त्यांचा डागी, किडका, छोटा माल घेईल तेव्हा. कोबीच्या वरच्या दोन पानांना भोकं असली म्हणून परत करणारे आणि 'सेंद्रियच पाहिजे' म्हणणारे बऱ्याचदा एकच असतात, त्यांनी याचा जरा विचार करावा ही मनापासून विनंती.

तांदूळ 'गावठी इंद्रायणी' आहे का?

इंद्रायणी आहे, चांगला चिकट, वासाचा आहे, भोरच्या खाचरातला आहे. पण 'आजीच्या काळातला' वगैरे नाही, ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालीय, १९८७ च्या आसपासची. त्यात काही कमीपणा नाही, खोटं मात्र सांगायचं नाही. जुना म्हणाल तर आंबेमोहर, मुळशीच्या आंबेमोहरला भौगोलिक मानांकनपण मिळालंय, पण तो उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो आणि उतारा कमी देतो, म्हणून शेतकरी लावत नाही आणि बाजारात त्या नावाने भलतंच काहीतरी मिळतं. गेल्या वर्षी आम्ही १८ घरांनी पेरणीच्या आधीच आंबेमोहर घेऊ असं लिहून दिलं, म्हणून वहिनींनी १० गुंठ्यांत लावला.

जुन्या बियाण्यांबद्दल विचारलं की राहीबाई पोपेरेंचं नाव निघतंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात त्यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावरान बियाणं जपलं, २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. पण नुसतं बी जपून भागत नाही, तो वाल कोणीतरी सोलून, बिरडं करून खाल्ला पाहिजे, तरच पुढच्या वर्षी कोणी लावेल.

गारपीट झाली, माल आलाच नाही तर पैसे परत मिळणार का?

एखाद्या आठवड्यात कमी आलं तर पुढे भरून काढतात. पीकच गेलं तर त्या शेतकऱ्याच्या वाट्याचे अर्धे पैसे परत, अर्धे त्याच्याकडे राहतात, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि गटात येताना मान्य करायचंय. एकदा अवकाळीत पुरंदरच्या दादांचा कांदा आणि वांगी दोन्ही गेली. तेव्हा २७ घरांनी उरलेले अर्धेपण घेतले नाहीत, कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात पहिला वाटाणा निघाला तेव्हा दादा पिशवीच्या वर प्रत्येक घराला एक-एक किलो घेऊन आले. पैसे विचारले तर म्हणाले, "वानवळा आहे, वानवळ्याचे पैसे नसतात." गावाकडून शहरातल्या माणसांना वानवळा येतो तो आपलं समजूनच येतो.

म्हणजे तुम्ही आडत्या-दलालांच्या विरोधात आहात?

नाही. ४२ घरं आठवड्याला दोन-अडीचशे किलो घेतात, एका चांगल्या तोड्यात एकट्या काकांचे ५०० किलो टोमॅटो निघतात. उरलेला माल रात्री दोन वाजतासुद्धा कोण उतरवून घेतं, मार्केटच ना. पोरीच्या लग्नाला उचल कोण देतं, तर आडत्या. आमचे तिघंही मार्केटला जातातच, फक्त आता सगळा भार तिथे नाही, थोडा तरी पैसा ठरलेला येतो. सगळ्या व्यापाऱ्यांना चोर म्हणणं मला पटत नाही.

हे कायदेशीर आहे ना?

हो. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, शेतकरी थेट विकू शकतो. लोणची, मसाले, पापड असं तयार काही विकायचं असेल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी लागते. म्हणून बचत गटाच्या बायकांचा कांदा-लसूण मसाला आम्ही नोंदणी झाल्यावरच घ्यायला लागलो, त्याआधी वर्षभर त्या फॉर्म भरायच्या फेऱ्या आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी मारल्या.

आमच्या सोसायटीत सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

आधी शेतकरी शोधू नका, आधी घरं शोधा. १५ घरं पुरतात, पण ती अशी पाहिजेत की निदान चार महिने हलणार नाहीत. ५० जण उत्साहात नाव देतात आणि तिसऱ्या शनिवारी १२ उरतात, आणि तोपर्यंत शेतकऱ्याने ५० घरांची मेथी टाकलेली असते, हे आमच्याकडे झालंय. पहिल्या महिन्यात ६० जुड्या उरल्या, पार्किंगमध्ये पिवळ्या पडायला लागल्या, शेवटी जवळच्या अनाथाश्रमात दिल्या आणि पैसे आम्ही चौघींनी भरले, पण काकांना ते कळू दिलं नाही.

मग शेतकरी. कृषी पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार भरतात तिथे जा, सलग चार आठवडे एकाच माणसाकडून घ्या, गप्पा मारा, मग शेत बघायला जाऊ का विचारा. ५० किलोमीटरच्या आतला बघा, नाहीतर गाडीभाडं सगळं खाऊन टाकतं. एकच शेतकरी धरू नका, एकाकडे पालेभाजी, दुसऱ्याकडे फळभाजी, तिसऱ्याकडे धान्य-कांदा असं असलं की कोणावरच ताण येत नाही. काय लावायचं ते लावायच्या आधी ठरवा, मेथी महिन्यात येते पण वांग्याला अडीच-तीन महिने लागतात, आणि घरं दिवाळी-मे महिन्यात गावाला जातात तेव्हा किती पिशव्या कमी होतील तेपण आधीच सांगा.

वजनकाटा स्वतःचा घ्या. हिशोबाचा कागद ग्रुपवर दर महिन्याला टाका, शेतकऱ्याला किती, टेम्पोला किती. आणि वाटपाचं काम फिरतं ठेवा, एकाच बाईवर टाकलं की सहा महिन्यांत ती थकते आणि गट बंद पडतो. आम्हीपण त्या टोकापर्यंत गेलो होतो, आता दर शनिवारी ४ वेगळी घरं येतात, मुलं जुड्या मोजतात.

कमिटी जागा देत नाहीये.

कचऱ्याची भीती असते त्यांना. दोन तासांत जागा झाडून परत देऊ असं लेखी द्या, आणि सेक्रेटरींच्या घरी पहिली पिशवी स्वतः नेऊन द्या. आमच्याकडे असंच जमलं.

मी शेतकरी आहे, असा गट हवा असेल तर कंपनी काढावी लागेल का?

लगेच नाही. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान १० शेतकरी लागतात, मग ऑडिट, सीए, कागदपत्रं. दोन-तीन जणांना ४०-५० घरांसाठी एवढं कशाला. शहरात राहणारा गावातलाच कोणी असतो, त्याची सोसायटी आधी गाठा, ओळखीतून पहिली घरं पटकन मिळतात. माल पाठवताना वर चांगला आणि खाली दुय्यम असं एकदाही करू नका, दुय्यम असेल तर वेगळ्या पिशवीत, सांगून, कमी भावात द्या, लोक घेतात.

असं अजून कुठे चालतं का, का तुमचीच कल्पना?

आमची कसली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या घरांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र आणते, बायकांनी वर्षानुवर्षं घरच्या हॉलमध्ये डाळ-तांदूळ वाटलेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात भेसळ-रसायनांना कंटाळलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट बांधून घेतलं, त्याला तिकडे तेइकेइ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये असे पहिले गट निघाले, तिथे लोक हंगामाच्या आधीच वाटा विकत घेतात.

शेत बघायला येता येईल का?

या ना, नक्की या. वर्षातून दोनदा शिवारफेरी असते, एक भात लावणीला आणि एक हुरड्याला. लावणीला येणाऱ्यांनी खरंच चिखलात उतरायचं, फोटोपुरतं नाही, आणि वहिनी सांगतील तेवढ्याच अंतरावर रोप लावायचं. हुरड्यासाठी पुरंदरच्या दादांनी यंदा गूळभेंडी ज्वारी थोडी वेगळी पेरलीय, जानेवारीत कणसं भरली की तारीख ग्रुपवर येईल. माणशी २५० रुपये, त्यात हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही आणि दुपारी पिठलं-भाकरी. भाकऱ्या थापायला दादांच्या आई आणि जाऊबाई पहाटेपासून चुलीपुढे असतात, म्हणून नाव दिलं की या, आणि येणार नसाल तर दोन दिवस आधी कळवा. डबे, ताटल्या घरून आणा, प्लास्टिक नको, आणि विहिरीच्या बाजूला मुलांना एकटं सोडू नका, कठडा एका बाजूने पडलाय.